सागवान, शिसव आणि जवसाचं तेल

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही चंद्रपूरकडच्या एका बचत गटाच्या बाया. मागच्या भाषणात आम्ही आरा मशीनवरच्या उरलेल्या सागवानी तुकड्यांचे पोळपाट, लाटणी आणि सराटे कसे करून घ्यायचे ते सांगितलं होतं. त्यानंतर जे निरोप आले ते बहुतेक एकाच तऱ्हेचे. "ताई, तेल लावलं, आठ दिवस झाले, वस्तू अजून हाताला चिकटते." एकीच्या शिसवी डब्याला तर महिना झाला, तरी झाकणावर बोटांचे ठसे उमटतात म्हणे.

म्हणून आज फक्त तेलाबद्दल बोलू. कोणतं लावायचं, किती लावायचं, कसं पुसून काढायचं, आणि पुसलेल्या चिंध्यांचं पुढे काय करायचं. चिंध्यांची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटेल, पण आज आम्ही बोलायला बसलो ते मुख्यतः तिच्यासाठी. मधूनच चुलीपाशी उठावं लागलं तर तेवढा भाग घरातल्या कुणाला तरी ऐकायला बसवा.

आधी तेल वाळतं म्हणजे काय होतं ते पाहू. धुतलेलं लुगडं वाळतं तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. तेलाचं तसं नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होत जातं. त्यातून काही उडून जात नाही, उलट त्याचं वजन किंचित वाढतं. वांगं कापून तसंच ठेवलं की हवा लागून काळं पडतं ना, तसाच हा हवेचा खेळ आहे. वांग्याला हवा लागू नये म्हणून आपण त्याच्या फोडी पाण्यात टाकतो. तेलाला मात्र हवा लागायलाच हवी.

पण सगळीच तेलं अशी वाळत नाहीत. खोबऱ्याचं तेल वर्षभर ठेवा, ओलंच राहील. शेंगदाण्याचं आणि मोहरीचं तेलही लाकडावर घट्ट होत नाही, ते खवट होतं आणि त्याला धूळ चिकटते. करडईचं तेल अधलंमधलं, वाळतं पण फार वेळ घेऊन. आपल्याकडच्या तेलांत लाकडासाठी खरं तेल जवसाचं. कुणी त्याला अळशी म्हणतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाग अशा स्निग्धाम्लाचा असतो, जे हवेशी चटकन जुळतं. ज्या गुणामुळे डॉक्टर जवसाची चटणी खा म्हणतात, त्याच गुणामुळे ते लाकडावर वाळतं. विदर्भात जवस पिकतो, घाणीवर तेल निघतं, आपल्याला ते परक्या ठिकाणाहून आणावं लागत नाही.

दुकानात मात्र दोन तऱ्हेचं मिळतं, आणि इथे सावध राहायला हवं. एक घाणीचं कच्चं तेल, जे आपण खातो. दुसरं रंगाच्या दुकानात मिळणारं, डब्यावर 'डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल' लिहिलेलं. नाव उकळलेल्याचं असलं तरी त्याचा गुण उकळण्यात नाही. लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. पूर्वी शिसंही घालत. ते एका दिवसात वाळतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. चौरंगाला, खुर्चीला, दाराच्या चौकटीला ते लावा, काही हरकत नाही. पण पोळपाटाला, लाटण्याला, सराट्याला ते लावायचं नाही. ज्यावर पोळी लाटायची त्याला खाण्याचंच जवसाचं तेल. वेळ लागेल, लागू द्या.

आता लाकडाकडे येऊ. सगळी लाकडं तेल सारखं घेत नाहीत. आंबा, बाभूळ ही कोरडी लाकडं, तेल लावलं की पिऊन टाकतात. सागाच्या आणि शिसवाच्या अंगातच तेल असतं. ताज्या रंधलेल्या सागावरून हात फिरवा, मेणचट लागतो आणि कातड्यासारखा वास येतो. सागात रबरासारखा एक चिकट अंश असतो, शिवाय वाळवीला नको असलेली द्रव्यं असतात. म्हणून सागाचं दार शंभर वर्षं टिकतं. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान आपल्या नागपूरकडून गेलं, ते काही उगाच नाही.

पण ज्याच्या अंगात स्वतःचं तेल आहे, त्यावर बाहेरचं तेल लावलं की ते आत कमी शिरतं, वरच राहतं. वर राहिलेला थर जाड असला तर त्याची फक्त साय धरते आणि खाली ओलं राहतं. दुधावरच्या सायीसारखंच. बोट लावलं की साय सरकते. आठ दिवसांनीही चिकट लागतं ते यामुळे.

शिसवाची गोष्ट याहून अवघड आहे. शिसव म्हणजे काळपट जांभळं, जड लाकूड. उत्तरेकडून येणारं शिसम वेगळं, ते तपकिरी आणि थोडं हलकं. विकणारे दोन्हीला एकच नाव सांगतात, तेव्हा वजन करून आणि रंग पाहून घ्या. शिसवाच्या गाभ्यातली काही द्रव्यं तेलाला प्राणवायू घेऊच देत नाहीत. कापलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते काळं पडत नाही, तसंच काहीसं. म्हणजे थर पातळ असला तरी शिसवावर तेल आठवडे ओलं राहू शकतं. तेल खराब नसतं, लावणारीचा हातही वाईट नसतो. लाकूडच वाळू देत नाही.

मग करायचं काय? आधी सागाचं सांगतो, कारण बहुतेक जणींकडे तोच आहे.

लाकूड सुकलेलं हवं. ओल्या फळीवर कितीही छान काम केलं तरी उन्हाळ्यात ती वाकते. पॉलिश पेपर १२० नंबरचा, मग १५०, मग २२०. पोळपाटाला २२० वर थांबा. लाटणं हातात फिरतं म्हणून त्याला ३२० चा हात द्यायला हरकत नाही. मग ओल्या फडक्याने सगळं पुसा आणि वाळू द्या. वाळल्यावर बारीक रोंवे उभे राहिलेले दिसतील, ते २२० ने हलके काढा. हे आत्ताच केलं नाही तर पहिल्यांदा धुतलं की पोळपाट खरखरीत होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका आहे.

घासताना नाकाला फडकं नव्हे, मास्क लावा. सागाच्या आणि शिसवाच्या भुश्याने अनेकींच्या हाताला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, शिंका येतात. लाकडाच्या बारीक भुश्याने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केलं आहे. तो वर्षानुवर्षं रोज भुसा घेणाऱ्यांचा प्रश्न, हे खरं. पण आपणही काही दोन दिवसांसाठी हे काम धरलेलं नाही. घासायचं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि लहान मूल जवळ नको.

घासलं त्याच दिवशी तेल लावा. सागाच्या आतलं तेल हळूहळू वर येतं. आज घासून परवा लावायला बसलात तर पृष्ठभाग पुन्हा मेणचट झालेला असतो. तसं झालंच तर पुन्हा एकदा २२० चा हात फिरवा.

तेल किती? मध्यम पोळपाटाला दोन चमचे पुष्कळ होतात. जुनं सुती धोतर किंवा बनियनचा तुकडा घ्या, त्याची छोटी पुरचुंडी करा, तेलात बुडवून पिळा आणि लाकडावर गोल फिरवत चोळा. ब्रशने ओतल्यासारखं लावू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. आमच्या गटात नवीन आलेली प्रत्येक बाई इथे थबकते. लावलेलं तेल पुसून टाकायचं, हे मनाला पटत नाही, वाया गेल्यासारखं वाटतं. पण लाकडाने जे आत घेतलं तेवढंच कामाचं. वर चमकतंय ते उद्या चिकटणार आहे. पुसून झाल्यावर हाताची पाठ फिरवा. ओला डाग उमटला तर अजून पुसायचं आहे.

तासाभराने पुन्हा एकदा बघा. सागाच्या बारीक छिद्रांतून तेलाचे थेंब घामासारखे वर येतात. उन्हात ठेवलं असेल तर जास्तच येतात. ते तिथेच वाळले तर टोचणारे दाणे होतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीनदा पुसायचं. आणि तेल लावलेली वस्तू तापत्या उन्हात ठेवायची नाही. मांडवाखाली, जिथे भरपूर उजेड आणि वारा आहे, तिथे उभी टेकवून ठेवा. बंद कपाटात, अंधारात ठेवाल तर वाळायला दुप्पट वेळ लागेल आणि रंगही पिवळा पडेल.

दुसरा हात कधी? कॅलेंडर बघू नका, वस्तू बघा. अंगठा जोरात दाबून फिरवा. चिकटला नाही, ठसा उमटला नाही, आणि नाक जवळ नेल्यावर कच्च्या तेलाचा उग्र वास आला नाही, तर दुसरा हात द्या. कोरड्या हवेत कच्च्या जवसाला तीन-चार दिवसांपासून आठवडा लागतो. पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि ओल्या हवेत न वाळलेल्या तेलावर बुरशीचे काळे ठिपकेही येतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही घासण्याचं काम करतो, तेलाचं शक्यतो ठेवतो. असे तीन हात झाले की वस्तू आणखी तीन-चार आठवडे तशीच राहू द्यायची. मग ती विकायची.

शिसवाला हात लावण्याआधी त्याच लाकडाचा टाकाऊ तुकडा घ्या. त्यावर सगळं करून बघा आणि पेन्सिलीने तारीख लिहा. शिसवाचा अंगचा तेलकटपणा काढायला थिनर किंवा ॲसिटोन लागतो. नेलपॉलिश काढायला वापरतात ते ॲसिटोनच, रंगाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात विचारा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थोडं घेऊन एका दिशेने पुसायचं. फडक्यावर जांभळा-तपकिरी रंग उतरेल, घाबरू नका. फडकं बदलत जा, रंग फिका होईपर्यंत. शेजारी पांढऱ्या लाकडाची पट्टी बसवलेली असेल तर रंग तिच्यावर नेऊ नका, तो परत निघत नाही. पुसून झाल्यावर दोन-चार मिनिटांत वरचं उडून जाईल. त्यानंतर लगेच, जेवायला वगैरे न जाता, अगदी पातळ हात तेलाचा द्यायचा. थांबलात तर आतलं तेल परत वर येतं आणि पुसण्याची मेहनत फुकट.

थिनरचं काम चुलीजवळ, देवाच्या दिव्याजवळ करायचं नाही. बंद खोलीत करायचं नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला या कामाला आम्ही बसवत नाही. तिला घासलेला माल मोजायला, चिठ्ठ्या लिहायला देतो आणि मजुरी तीच देतो. यावर गटात एकदा बोलणं झालं होतं, पण ठरलं ते ठरलं.

टाकाऊ तुकडा आठ दिवसांनीही चिकट राहिला, तर त्या शिसवाला तेल सोसत नाही असं समजा आणि हट्ट सोडा. मग चपडा लावा. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. लाखेचा किडा आपल्याच पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढतो आणि गोंदियाकडे लाखेचा धंदा जुना आहे. चपडा पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, पुरचुंडीने पातळ थर द्यायचे. तो तेलकट लाकडालाही धरतो, कारण त्याला वाळायला हवेतून काही घ्यायचं नसतं, स्पिरिट उडालं की झालं. मात्र हे स्पिरिट विषारी असतं. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. आणि चपडा पोळपाटाला चालत नाही, गरम आणि ओलं लागलं की पांढरे डाग पडतात. दागिन्यांच्या डबीला, देव्हाऱ्याला, आरशाच्या चौकटीला चालतो.

शिसवाच्या पोळपाटाला काय लावायचं, असं विचाराल, तर आमचं मत सरळ आहे. काहीच नाही. घासून गुळगुळीत करा, ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि वापरा. ज्याला निसर्गानेच तेल दिलंय त्याला आपण आणखी द्यायची गरज नाही.

डब्यांच्या आतल्या बाजूला तर कुठल्याच लाकडात तेल लावू नका. आत वारा नसतो. जवसाचा वास महिनोन् महिने कोंडून राहतो आणि मसाल्याला लागतो.

आणि आधीच चिकटलेल्या वस्तूचं काय? टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून जोरात चोळा, मऊ झालेला थर पोत्याच्या तुकड्याने खरवडून पुसा. चौरंग-खुर्चीला हे ठीक. चिकट थरावर नुसता पॉलिश पेपर मारू नका, पेपर भरून जातो. वस्तू दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, मग घासा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. वरून आणखी एक हात दिला की सुकेल, असं कुणी सांगेल. ते ऐकू नका.

आता चिंध्या.

मघाशी सांगितलं, तेल हवेतला प्राणवायू घेतं तेव्हा घट्ट होतं. त्यात उष्णता निघते. लाकडावरचा थर पातळ, ती उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. पण तेच तेल सुती चिंधीत असलं, आणि ती चिंधी चुरगळून इतर चिंध्यांसोबत कोपऱ्यात टाकली, तर उष्णता बाहेर पडत नाही. आत साठते. गरम झालं की तेल आणखी वेगाने प्राणवायू घेतं, आणखी गरम होतं. काही तासांत चिंध्यांचा तो बोळा आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. दुपारी काम संपवून बाई घरी जाते आणि रात्री सगळे झोपल्यावर आग लागते.

हे ऐकून हसणारे आम्हाला भेटले आहेत. त्यांच्यासाठी एक खरी घटना सांगतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. बाविसाव्या मजल्यावर कारागीर लाकडी तक्तपोशीचं काम करत होते आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या तिथेच राहिल्या. रात्री आठ-साडेआठच्या सुमारास त्यांतून आग लागली. ती अठरा तासांहून जास्त जळत राहिली, वरच्या मजल्यांवर चढत गेली. आग विझवायला गेलेले तीन जवान मेले. शेवटी तिसाव्या मजल्यावर छतातून आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा होती, तिने ती अडवली. इमारत पुढे वापरात आलीच नाही, १९९९ साली पाडून टाकली. एवढ्या मोठ्या शहरात, एवढी अग्निशमन गाडी-बंब असताना हे झालं. आपल्या गावात बंब तालुक्याहून यायचा.

आणि आपल्या घरांचा विचार करा. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, कधी छताला टेकेपर्यंत. मागे तणसाचा ढीग, बाजूला पऱ्हाटीच्या मोळ्या. गटाचं काम याच घराच्या ओसरीवर चालतं. तेलाचा एक बोळा कापसाच्या गंजीशी सरकला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. वर्षाचं पीक जाईल, माणसं आत झोपलेली असतील.

म्हणून आमच्या गटात नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. काम सुरू करण्याआधीच पत्र्याचा झाकणाचा डबा अर्धा पाण्याने भरून शेजारी ठेवायचा. चिंधी हातातून सुटली की सरळ त्या पाण्यात. पूर्ण बुडली पाहिजे, वर तरंगत राहिलेलं टोक चालत नाही. घरी परत वापरायची असेल तर ती एक एक करून, घडी न करता, अंगणातल्या तारेवर पसरायची, घरापासून आणि गोठ्यापासून दूर. पसरलेल्या चिंधीतली उष्णता वाऱ्याने निघून जाते. दोन-तीन दिवसांत ती पापडासारखी कडक होते, मग तिचा धोका संपला. तारेवर एकावर एक टाकल्या तर मात्र तो बोळाच झाला.

तेल सांडलं म्हणून त्यावर भुसा टाकून झाडलात, तर तो भुसाही चिंधीइतकाच घातक. तेल लावल्यावर घासलेल्या लाकडाची पूडही. तीही पाण्याच्या डब्यात. तेल लागलेलं लुगडं किंवा ॲप्रन मळक्या कपड्यांच्या ढिगात टाकायचं नाही, ते वेगळं वाळत घालायचं. घाणीचं खाण्याचं तेल आहे, त्याने काय होणार, असं म्हणू नका. कच्च्या तेलानेही होतं, डबल बॉइल्डने लवकर होतं, एवढाच फरक. खोबऱ्याच्या तेलाला ही भीती फारशी नाही, पण ते लाकडावर वाळतही नाही.

रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी एक बाई डबा बघते आणि वहीत सही करते. त्या सहीशिवाय त्या दिवसाची मजुरी कुणाच्याच नावावर चढत नाही. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, आता कुणी बोलत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कुणी देत नाही. एका व्यापाऱ्याने आमच्याकडे सागवानी ट्रे मागितले. आठ दिवसांत द्या म्हणाला. तीन हात तेल आणि वाळायला आठवडे, आठ दिवसांत होत नाही, असं आम्ही सांगितलं. तो म्हणाला, डबल बॉइल्ड लावा, वरून स्प्रे मारा, कोण बघतंय. त्यात फळं आणि फराळ ठेवणार होते लोक. आम्ही नाही म्हटलं. ऑर्डर गेली, एका गटातल्या बाईने घरी ऐकूनही घेतलं. पण त्यानंतर आम्ही दरपत्रकावरच छापलं, की खाण्यापिण्याच्या वस्तूला सहा आठवडे लागतात आणि निम्मे पैसे आगाऊ. ज्यांना परवडतं ते येतात. घाईची मागणी असेल तर आम्ही बिनतेलाचा, नुसता घासलेला माल देतो आणि तसं स्पष्ट सांगतो.

आणखी एक. सागाचं झाड आपल्याच शेतातलं असलं तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग आहे. आरा मशीनवरून तुकडे घेताना पावती मागा आणि फाइलला लावा, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला हवी. शिसवाच्या वस्तू कुणी परदेशात न्यायला घेत असेल तर त्याला आधीच सांगा, की २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं बंधन आहे, तिथे नेण्याआधी वनखात्यात विचार.

माल विकताना सोबत एक चिठ्ठी देतो, ती तुम्हीही द्या. शब्द साधे ठेवा. आम्ही लिहितो ते असं: हा पोळपाट सागाचा आहे. याला खाण्याचं जवसाचं तेल लावलं आहे. पाण्यात भिजत ठेवू नका, धुऊन लगेच पुसून उभा ठेवा. मशीनमध्ये धुऊ नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, चमचाभर जवसाचं तेल चोळून अर्ध्या तासाने कोरडं पुसून काढा आणि आठ दिवस वापरू नका. पुसलेली चिंधी पाण्यात बुडवून मगच टाका.

शेवटची ओळ आम्ही लाल पेनाने लिहितो.